सूर कोणाचा, भाववृत्ती कोणाची?

साहित्यकृतीविषयी बोलताना ‘सूर’ आणि ‘भाववृत्ती’ या दोन संज्ञा आपण पुष्कळदा अदलून-बदलून वापरतो. एखाद्या कादंबरीचा सूर विषण्ण आहे असे एक परीक्षणकार लिहितो, तिची भाववृत्ती विषण्ण आहे असे दुसरा लिहितो, आणि दोघांनी एकच गोष्ट सांगितली असे आपण समजून चालतो. इंग्रजीतील ‘टोन’ आणि ‘मूड’ यांच्या जागी हे शब्द योजताना त्या संज्ञांभोवतीचा घोटाळाही आपण पत्करला असावा. हा घोटाळा निव्वळ परिभाषेचा असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परिभाषेच्या ढिलाईमुळे आजवर कोणाची समीक्षा अडून राहिलेली नाही. परंतु हा भेद पुसला गेला की एक नैतिक प्रश्न नीट विचारताच येत नाही. साहित्यकृतीत वाचकाला जे जाणवते त्याविषयी जाब कोणाला विचारायचा, हा तो प्रश्न.

आय. ए. रिचर्ड्स यांनी 1929 मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात अर्थाचे चार घटक सांगितले: आशय, भावना, सूर आणि हेतू. बोलणाऱ्याची विषयाकडे पाहण्याची वृत्ती ती भावना, आणि ऐकणाऱ्याकडे पाहण्याची वृत्ती तो सूर, अशी त्यांनी वाटणी केली होती. ही वाटणी पुढे टिकली नाही. हस्तपुस्तिकांनी आणि पाठ्यपुस्तकांनी ‘विषयाकडे व वाचकाकडे पाहण्याची लेखकाची वृत्ती म्हणजे सूर’ अशी सैल व्याख्या रूढ केली, आणि सूर श्रोत्यापासून सुटला. एकदा तो श्रोत्यापासून सुटला की केवळ एक रंगछटा म्हणून उरतो, आणि रंगछटा म्हणून तो भाववृत्तीहून वेगळा काढता येत नाही. रिचर्ड्स यांचे सारेच विवेचन आज मान्य होण्यासारखे नाही. मात्र सुराच्या बाबतीत त्यांनी केलेली सीमारेषा सोडून देण्यात आपले नुकसान झाले, असे मला वाटते.

ही सीमारेषा आपल्या परंपरेला अपरिचित नव्हती. भरतमुनींनी ‘नाट्यशास्त्रा’त पाठ्याच्या गुणांमध्ये ‘काकू’ची गणना केली आणि तिचे साकांक्ष व निराकांक्ष असे दोन भेद मानले. तेच वाक्य, तेच शब्द; आवाजाच्या वळणाने विधानाचा प्रश्न होतो, होकाराचा नकार होतो. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अर्थाच्या व्यंजकतेची कारणे सांगताना वक्ता, ज्याला उद्देशून बोलायचे तो, आणि काकू यांचा निर्देश एकापाठोपाठ केला आहे. हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. आवाजाचे वळण कळण्यासाठी कोण बोलतो आणि कोणाशी बोलतो हे आधी कळावे लागते. सासूने ‘आलात का?’ म्हणणे आणि मित्राने ‘आलात का?’ म्हणणे यांतले अंतर शब्दकोशात सापडणार नाही.

याच मम्मटाने रसचर्चेत अभिनवगुप्ताचे मत सांगताना बरोबर उलटी गोष्ट नोंदवली आहे. रसाच्या प्रतीतीत हे विभावादी माझे, हे शत्रूचे, हे तटस्थाचे असा संबंध उरत नाही, आणि ते माझे नाहीत असाही निश्चय उरत नाही. भट्टनायकापासून चालत आलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेचे हे मर्म आहे. रस आणि भाववृत्ती एकच, असे मला म्हणावयाचे नाही. रसाला स्थायिभावाची, विभावानुभावांची शिस्त आहे. भाववृत्ती त्या मानाने धूसर असते, कधी तिला नावही देता येत नाही. पण मालकी सुटणे हे दोहोंना समान आहे. काकू कळण्यासाठी जी माणसे अटळपणे लागतात, तीच रसात विरघळून जातात. एकाच शास्त्राने अर्थाच्या प्रक्रियेची ही दोन टोके इतक्या स्पष्टपणे पाहिली होती, आणि तरीही आपल्या आधुनिक समीक्षेने त्यांपैकी रसाचाच अखंड ऊहापोह केला, काकू मात्र अलंकारांच्या अडगळीत टाकून दिली.

जर्मन भाषेत भाववृत्तीला ‘श्टिमुंग’ म्हणतात. या शब्दाचे नाते आवाजाशी आहे आणि वाद्य सुरात लावण्याशीही आहे. हायडेगर यांनी 1927 च्या ‘सायन उंट त्साइट’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की भाववृत्ती बाहेरून येत नाही की आतूनही उगवत नाही; आपण जगात असतो त्या असण्यातच ती असते. आपल्याकडे ‘सूर’ हा शब्द अशाच दुहेरी कामाला जुंपलेला आहे. गवयाचा सूर लागतो, मैफिलीचा सूर लागतो, आणि तक्रारीचा सूरही लागतो. येथे व्याकरणाची एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. इंग्रजी व्याकरणातील ‘मूड’ म्हणजे आपल्या व्याकरणातील स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ हे क्रियापदाचे अर्थ. हा ‘मूड’ लॅटिन ‘मोडुस’वरून आलेला, मनोवस्थेचा ‘मूड’ जुन्या इंग्रजीतील दुसऱ्याच शब्दावरून आलेला. व्याकरणातला ‘मूड’ वक्त्याची भूमिका दाखवतो, म्हणजे खरे तर तो सुराचा सोयरा आहे.

दोहोंतला फरक ओळखण्याची एक साधी कसोटी मला सुचते. सुराला प्रत्युत्तर देता येते. ‘माझ्याशी असे बोलू नका’ असे सुराला म्हणता येते, ‘मी तो नव्हेच’ असे म्हणता येते, मान खाली घालता येते. भाववृत्तीला काय म्हणणार? तिच्यात आपण शिरतो, रेंगाळतो किंवा तिथून निघून जातो.

बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता घ्या. झरा, टेकडीपलीकडचे लहानसे गाव, हिरवी शेते, त्यांतून निघालेली पांढरी वाट, काळा डोह आणि पाण्यात पाय सोडून बसलेले झाड. कवितेत ‘मी’ नाही, ‘तू’ नाही, कोणाला हाक नाही. या एवढ्याशा कवितेच्या भाववृत्तीविषयी मराठी समीक्षकांनी किती पाने लिहिली! कोणाला तिच्यात औदासीन्य दिसले, कोणाला तृप्ती, कोणाला विरक्ती. हा वाद मिटला नाही, कारण तो मिटवू शकेल असा सूरच कवितेत जवळपास नाही. ‘जवळपास’ म्हणण्याचे कारण शेवटच्या ओळीतले ‘असला’ हे एक दर्शक विशेषण. या एका शब्दात कोणीतरी कोणाला तरी बोट दाखवून काही सांगतो आहे, एवढाच काय तो माणसाचा मागमूस. तो दाखवणारा कौतुकाने दाखवतो आहे की चरकून, हे आवाज ऐकू आला असता तर कळले असते. सूर इतका क्षीण असल्यामुळेच भाववृत्तीला एवढा विस्तार मिळाला आहे.

दुसऱ्या टोकाला जोनाथन स्विफ्ट यांचे 1729 मधले ‘अ मॉडेस्ट प्रपोझल’ आहे. आयर्लंडमधील दरिद्री लोकांची वर्षभराची मुले खाद्य म्हणून विकावीत, असा प्रस्ताव त्यात एक सुविद्य देशहितचिंतक मांडतो. तो आकडे देतो, नफा-तोटा सांगतो, संभाव्य आक्षेपांना उत्तरे देतो. अखेरीस आपले धाकटे मूल नऊ वर्षांचे असून पत्नीचे मूल होण्याचे वय सरले आहे, तेव्हा या योजनेत आपला स्वार्थ नाही, अशी ग्वाहीही देतो. या निबंधात शोकाला कोठेही जागा दिलेली नाही. उपासमारीचे वर्णन आहे ते हिशेबाच्या ओघात आलेले. स्विफ्टने वाचकाला हळहळण्यासाठी वातावरणच ठेवले नाही, त्यामुळे त्याला सुराशीच गाठ घालावी लागते. सुसंस्कृत, समंजस, संयमी असा हा सूर आपल्या ओळखीचा निघतो. सरकारी अहवालांत, अर्थशास्त्रीय पत्रकांत, दिवाणखान्यातल्या चर्चेत आपण तो ऐकलेला असतो, क्वचित वापरलेलाही असतो. हळहळ वाटली असती तर वाचक पीडितांच्या बाजूला जाऊन बसला असता. येथे त्याला प्रस्तावकाच्या शेजारची खुर्ची मिळते.

बहुतेक साहित्यकृती या दोन टोकांच्या मध्ये असतात आणि त्यांत सूर व भाववृत्ती परस्परांविरुद्धही ओढू शकतात. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (1963) सूर टवाळखोर आहे. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या शब्दांनी पांडुरंग सांगवीकर आपल्याच सांगण्याची किंमत कमी करत जातो. ऐकणाऱ्याला तो जवळचा मानतो आणि तरी पूर्ण विश्वासात घेत नाही. कादंबरीची भाववृत्ती मात्र उत्तरोत्तर अंधारत जाते. धाकट्या बहिणीच्या मृत्यूच्या भागात टवाळी टिकू शकत नाही. पुढे ती परत आली तरी आता ती कशावर पांघरूण घालते हे वाचकाला ठाऊक झालेले असते. ‘कोसला’चा सूर निराशावादी आहे असे म्हणणाऱ्याने तिची भाववृत्ती ऐकली आणि सूर ऐकला नाही. केवळ टवाळी ऐकून तिला बेजबाबदार ठरवणाऱ्याने याच्या उलट केले.

येथवर हा पृथक्करणाचा भाग झाला. नैतिक प्रश्न अडचणीचा होतो तो पुढे.

मराठीत सुराविषयीची तक्रार ही आशयाला उत्तर न देण्याची एक जुनी आणि प्रतिष्ठित युक्ती आहे. महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’ची (1873) संभावना विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त केली, तेव्हा त्यांचा भर पुष्कळसा भाषेच्या व व्याकरणाच्या दोषांवर आणि लेखकाच्या अधिकारावर होता. 1881 मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण विधवेवर बालहत्येचा खटला झाला. तिला सुनावलेली फाशी पुढे रद्द होऊन हद्दपारीवर आली, आणि वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या अनीतीवर प्रवचने झडली. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ (1882) हे या प्रवचनांना दिलेले उत्तर होय. ते साद्यंत सूर आहे. समोर पुरुष उभे आहेत, त्यांना नावे ठेवली जात आहेत, त्यांच्याच तोंडची वाक्ये त्यांच्या पदरात परत टाकली जात आहेत, आणि मध्येच देवालाही जाब विचारला जातो आहे. फुले यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुन्हा प्रकाशित करेपर्यंत पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले होते.

या पुस्तकाचा सूर कडवट आहे, हे वर्णन अचूक आहे. परंतु ‘कडवट’ हा शब्द दोष म्हणून उच्चारणाऱ्याने सुरामागचा संवाद गाळलेला असतो. संवादातले आधीचे वाक्य दुसऱ्या पक्षाचे होते, हे तो सांगत नाही. सूर हा नातेसंबंध असल्यामुळे त्याचा न्याय त्या नात्यातील दोन्ही बाजू पाहिल्यावाचून करता येत नाही. ‘आक्रस्ताळा’, ‘शिवराळ’, ‘एकांगी’ ही विशेषणे कृतीचे वर्णन करतात असे आपण मानतो. वास्तविक ती निम्म्या संवादाचे वर्णन करत असतात. सुराला नैतिक दोष असूच शकत नाही, असा याचा अर्थ घेऊ नये. कुत्सितपणा, लाचारी, खोटी सलगी हे सुराचे खरे दोष आहेत आणि त्यांबद्दल लेखकाला धारेवर धरता येते. तसे धरताना तो कोणाशी बोलत होता, हे आधी पाहावे लागेल, एवढेच.

भाववृत्तीच्या बाबतीत आपली चूक नेमकी उलटी होते. कृतीतील करुण वातावरणाने आपण इतके निवतो की त्या वातावरणाखाली चालू असलेला सूर तपासतच नाही. मध्यमवर्गीय कथेत मोलकरीण येते, तिचा दारुडा नवरा येतो, आजारी मूल येते. कथेच्या शेवटी डोळे पाणावतात आणि आपली सहृदयता सिद्ध होते. अशा कथांचा सूर कान देऊन ऐकला तर बहुधा असे आढळेल की निवेदक वाचकाशी मोलकरणीच्या डोक्यावरून बोलतो आहे. आपण दोघे समजूतदार, ती बिचारी. करुण भाववृत्ती हा तुच्छतेच्या सुराचा उत्तम आडोसा आहे, कारण रडणाऱ्या माणसाला आपण कोणाला तुच्छ लेखतो आहोत अशी शंका येत नाही.

हरिभाऊ आपटे यांनी हा धोका ओळखला होता, असे ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीच्या नावावरूनच वाटते. ‘करमणुकी’तून 1890 पासून क्रमशः आलेली ही यमूची आत्मकथा करुण आहे, तिचे सक्तीने केलेले केशवपन वाचून न हललेला वाचक विरळा. पण हे नाव करुण नाही. तो प्रश्न आहे, आणि तोही काकूने भरलेला. त्यात कंटाळा आहे, टोमणा आहे, आणि आरंभीच्या ‘पण’मुळे आधी पुष्कळ बोलून झाले आहे अशी जाणीव आहे. करमणूक म्हणून अंक हाती घेणाऱ्या वर्गणीदाराला हे शीर्षक दर प्रकरणाच्या माथ्यावर भेटत होते. तो हळहळून मोकळा होऊ पाहतो, आणि त्या हळहळीचीच त्याला आठवण करून दिली जाते. पुरुष लेखकाने स्त्रीच्या मुखाने बोलावे यात आज आपल्याला अडचणी दिसतात, आणि त्या खऱ्या आहेत. तरी करुणेला सुराची वेसण घालण्याची ही जाण पुढच्या अनेक सामाजिक कादंबऱ्यांत राहिली नाही.

दया पवार यांच्या ‘बलुतं’ने (1978) हा प्रश्न अधिक टोकाला नेला. या आत्मकथनाची रचना सर्वपरिचित आहे: दगडू मारुती पवार आपली हकीकत दया पवारला सांगतो. दोघे एकच आणि दोघे वेगळे. एकजण महारवाड्यातला आणि कावाखान्यातला, दुसरा लेखक म्हणून नाव झालेला, पांढरपेशा वस्तीत वावरणारा. दगडू वाचकाशी बोलत नाही, ही या रचनेतील कळीची गोष्ट. वाचक केवळ आडून ऐकतो. आडून ऐकणाऱ्याला प्रत्युत्तराचा अधिकार नसतो, आणि त्याचे सांत्वन करण्याचे बंधन बोलणाऱ्यावर नसते. ‘बलुतं’चा गौरव अनेकदा ‘संयत’ आणि ‘प्रांजळ’ या शब्दांनी झाला. हे शब्द भल्या हेतूने वापरले गेले, पण त्यांत वाचकाने स्वतःला ऐकणाऱ्याच्या जागी बसवले आहे. संयत म्हणजे कोणाच्या बाबतीत संयत? दगडू दयाच्या बाबतीत मुळीच संयत नाही. तो त्याला टोचतो, त्याच्या लाजेवर बोट ठेवतो. आपल्यावर ओरडला नाही म्हणून त्याला संयत म्हणायचे, तर मग आपण कोणत्या नात्याने ही पावती देत आहोत, हेही सांगायला हवे.

साधारणीकरणाचा सिद्धांत येथे अडखळतो. ‘हे माझे, हे शत्रूचे, हे तटस्थाचे’ हा भेद गळून पडावा, ही रसास्वादाची अट. ‘बलुतं’ वाचताना हा भेद गळून पडणे ही आस्वादातली सिद्धी मानायची की सोयीस्कर विसर? शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (1996) या ग्रंथात आनंदाधिष्ठित सौंदर्यविचार दलित साहित्याला लागू करण्यास हरकत घेतली, ती बहुधा विचारप्रणालीतील मतभेद म्हणून वाचली जाते. मला त्या हरकतीचा एक अधिक तांत्रिक अर्थही दिसतो. काही साहित्यकृती वेदनेची मालकी सुटू नये म्हणूनच लिहिल्या जातात. त्यांतील भाववृत्ती वाचकाला व्यापते, नाही असे नाही. महारवाड्यातल्या उकाड्याचा, भुकेचा, गर्दीचा अनुभव त्याच्या अंगाला चिकटतो. पण सूर त्याला सतत आठवण देत राहतो की हे तुझे नाही, आणि हे ऐकण्याच्या तुझ्या जागेबद्दलही काही विचारायचे आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात, आणि त्यांतील ताण सहन न झाल्यामुळे आपण एकीला ‘कलात्मकता’ व दुसरीला ‘प्रचार’ अशी नावे देऊन मोकळे होतो.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. भाववृत्तीही लेखकानेच शब्दांतून उभी केलेली असते. मग तिला कोणाचीच नाही असे म्हणून तिची जबाबदारी झटकता येईल काय? आक्षेप योग्य आहे. लेखक भाववृत्तीचाही कर्ता असतोच. परंतु कर्ता असणे आणि वक्ता असणे या दोन जबाबदाऱ्या आहेत. वक्ता म्हणून तो मला काही म्हणाला, त्याबद्दल मी त्याच्याशी भांडू शकतो. कर्ता म्हणून त्याने मला एका ठिकाणी नेले. तिथे काय दिसत होते आणि काय दिसेनासे झाले होते, एवढे मी त्याला विचारू शकतो. म्हणून निराशाजनक भाववृत्तीबद्दल लेखकाला निराशावादाचा जाब विचारणे चूक आहे, आणि त्या निराशेत कोणाची माणसे अस्पष्ट झाली हे विचारणे रास्त आहे. जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांवरील नियतिवादाच्या वादात हा फरक केला गेला असता तर तो वाद अधिक फलदायी झाला असता.

अध्यापनाच्या दृष्टीनेही याचा विचार व्हावयास हवा. पदव्युत्तर वर्गात ‘बलुतं’ शिकवले जाते तेव्हा ‘या कृतीतील भाववृत्ती स्पष्ट करा’ असा प्रश्न सहज निघतो आणि दुःख, दैन्य, अपमान अशी उत्तरे त्याला ठरलेली असतात. त्याच वर्गात काही विद्यार्थी दगडूच्या बाजूचे असतात, काही दयाच्या, आणि बरेचसे आडून ऐकणारे. सुराविषयीचा प्रश्न विचारला तर प्रत्येकाला आपली जागा सांगून उत्तर द्यावे लागेल. परीक्षेच्या कागदावर ते सोयीचे नाही. दगडू सांगतो, दया ऐकतो, आणि पुस्तकावर लेखक म्हणून नाव छापले आहे ते ऐकणाऱ्याचे.